घंटा आणायला गेलेली जीप

रविवार, जानेवारी १९९८

क्लबची घंटा खोक्यात ठेवत होते, तेवढ्यात हिराबाई ब्लँकेट काखेत घेऊन समोर आली. "टेंपो त गेला, बाई. मी कशी जाऊ आता?"

पाड्यावरची माणसं आज द्राक्षांच्या कामाला पिंपळगावला निघणार होती. टेंपो दहाला सुटतो, म्हणून आम्ही क्लबचं ब्लँकेटवाटप नऊला ठेवलं. मग कळलं, सभा सुरू करताना वाजवायची घंटा नाशकातच राहिली. अध्यक्ष हसले, "घंटेशिवाय सभा? अक्षतांशिवाय लग्न लावाल का, मॅडम?" मी सेक्रेटरी. जीप मीच परत पाठवली. ती आली तेव्हा बारा वाजून गेले होते.

कामाला जाणारे बाकीचे दहालाच, ब्लँकेट न घेता, टेंपोत चढले. हिराबाई तेवढी थांबली. यादीत तिचं नाव पहिलं, आणि पहिल्या बाईबरोबर फोटो असतो, हे मीच तिला सांगून ठेवलं होतं.

उद्या पोचवते म्हणून तिला माझ्या घरी घेऊन आले. आत्ता ती भाकरी थापते आहे, नको म्हटलं तरी. घंटा न वाजवता सभा सुरू केली असती, तर रागावलं कोण असतं? अध्यक्ष तर थट्टा करत होते. की नव्हते? हिराबाईही रागावलेली नाही. "ब्लँकेट चांगलं हाय," म्हणते. मग मला नेमकं काय होतंय?

सोमवार. सकाळी तिला एसटीने पिंपळगावला नेलं. बागेत तिच्या जागी दुसरी बाई लागली होती. काम निघालं तर बघू, मुकादम म्हणाला. ती बांधावर बसून राहिली. मी परतीची बस धरली.