तिजोरीतला रेकॉर्डर

अहो शहाणे,

फोन उचलत नाही, म्हणून ही चिठ्ठी. दुपारी चोरांनी घर फोडलं. तिजोरीच उचलून नेली, माझ्या आईने दिलेल्या दागिन्यांसकट.

पोलिसांनी आल्या आल्या विचारलं, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग कुठे? मी म्हटलं, तिजोरीत. हसू दाबायला बिचारे खिडकीकडे वळले.

माझा भाऊ कानीकपाळी ओरडत होता की रेकॉर्डिंग इंटरनेटवर साठवा. पण तुमचं एकच, परक्याच्या हवाली कसं करायचं? म्हणून तुम्ही रेकॉर्डर दागिन्यांशेजारी बसवलात, आणि वायर आत घ्यायला धडधाकट तिजोरीला ड्रिलने भोक पाडलंत! चोरसुद्धा आधी ते भोक बघून चक्रावले असतील. आता निवांत बसून स्वतःचीच चोरी बघत असतील.

मी जबाब द्यायला जातेय, तिथून भावाकडे. जेवण केलेलं नाही. ठसे घ्यायला माणूस येईल, तोवर तिजोरी होती त्या कपाटाला हात लावू नका. एवढं तरी जमेल ना?

आत्ताच दारातल्या कॅमेऱ्यासमोर उभी राहून तुमच्याबद्दल मनात होतं ते सगळं बोलून घेतलं. ते कुठेच साठलं नाही, हे तुमचं नशीब.