नान्नजचा माळ, कुसुम गेल्यानंतर

९ फेब्रुवारी १९२७, सोलापूर
डॉक्टर म्हणाले, रोज दोन ओळी लिहीत जा, काय वाटेल ते. औषध म्हणून. म्हटलं, औषध तर कुसुमलाही दिलं होतंत. बोलून गेलो. ते रागावले नाहीत. चष्मा पुसत राहिले.
आज एकोणीस दिवस. सात वर्षांची पोर, तीन दिवसांचा ताप. यमू भिंतीकडे तोंड करून बसते. तिच्या डोळ्यांतून एकदाही पाणी आलं नाही. मला तिची भीती वाटते. बायकोची भीती!

२१ फेब्रुवारी
जमिनीच्या मोजणीत साखळी किती वेळा टाकली ते विसरलो. पहिल्यापासून सुरुवात. पुन्हा विसरलो. पंधरा वर्षांच्या नोकरीत असं झालं नव्हतं. साखळी ओढणारा चेनमन म्हणाला, "सायेब, बसा की जरा सावलीला." बाभळीखाली बसून ढसाढसा रडलो. हलकं वाटलं. मग हलकं वाटल्याचीच लाज.

१७ मार्च
घरी जायला पाय उचलत नाही. सात रस्ता चौकात तासभर उगाच टांगे बघत उभा. यमू दोन घास खाते, तेही मी समोर बसलो तर. दिवसभरात शब्द तीन: हो, नको, वाढू?

३० एप्रिल
डॉक्टरांना विचारलं, हे थांबतं कधी?
"माझा मुलगा जाऊन अकरा वर्षं झाली. थांबत नाही. पण मधे मधे दुसरंही काही दिसायला लागतं."
इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडाकडे आज प्रथम नीट पाहिलं.

मे, जून काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतंच.

८ जुलै, नान्नज
गायरानाच्या मोजणीसाठी इथे. मारुतीच्या देवळाशेजारी खोली मिळाली. सकाळी माळावर असताना लांबून आवाज, हूंऽऽम. थांबून पुन्हा हूंऽऽम. वाटलं, विहिरीत बैल पडला. मेंढरं चारणारी बनाबाई हसली. "माळढोक हाय त्यो, सायेब. मादीला बोलावतुया."
तिनं बोट दाखवलं तिकडे पाहिलं. माणसाच्या कमरेएवढा पक्षी. शेपूट पाठीवर उलटी टाकलेली, गळ्याची पांढरी पिशवी फुगून पार गवताला टेकलेली. एवढ्या उघड्या आभाळाखाली एकटा उभा राहून हाक मारतोय. साखळी हातातच राहिली. किती वेळ गेला कळलं नाही. तेवढ्या वेळात कुसुमही आठवली नाही. मग आठवली, ती अशी की हे तिला दाखवायला हवं होतं.

२ ऑगस्ट, सोलापूर
नागपंचमी. शेजारच्या अंगणात पोरींचे झोके. यमूनं खिडकी लावून घेतली. मी पक्ष्याचं सांगत बसलो, ऐकते की नाही न बघता. शेवटी म्हटलं, चल माझ्याबरोबर नान्नजला.
"कुठंही काय, सारखंच."
मी हा होकारच धरला.

९ ऑगस्ट, नान्नज
यमू खोलीच्या उंबऱ्यावर बसली होती. बनाबाई आली आणि सरळ विचारलं, "लेकरू गेलं व्हय, बाई?" असं कोणी विचारत नाही आम्हाला.
"हो."
"नाव काय हुतं?"
यमूनं वर पाहिलं. "कुसुम."
सहा महिन्यांत यमूच्या तोंडून पहिल्यांदा. बनाबाई लोकर कातता कातता म्हणाली, "माजी दोन गेली. राणी आन् म्हाळू." हात थांबला नाही तिचा. यमू त्या हाताकडे बघत होती.

२३ ऑगस्ट
आजचं नीट लिहायचं.
मी, यमू, बनाबाई माळावर. कळप पुढे चरत चाललेला, दीडदोनशे मेंढरं. एकदम बनाबाई ओरडली, "आगं बया, अंडं हाय तितं!" गवतातून मादी उठली. उघड्या जमिनीवर एकच अंडं, ना काडी ना घरटं. आम्ही लांब. मेंढरं तिच्या अंगावर चाललेली. बनाबाई हाका मारत धावली, पण पोचणार कशी?
मादी उडाली नाही. दोन्ही पंख पसरले, शेपूट उभारली आणि कळपाच्या तोंडावर उभी राहिली. पुढचा एडका थबकला, बाजूला वळला. मागचीही वळली. सगळा कळप मधे फाटला आणि तिच्या दोन्ही अंगांनी निघून गेला. धूळ खाली बसली तेव्हा ती अंड्यावर बसत होती.
मला हात जोडावेसे वाटले. कोणाला, ते कळेना.
यमू म्हणाली, "हलली नाही हो ती." मग, "मी पण नव्हते हलले. तिन्ही दिवस उशाशीच होते." आणि रडायला लागली. मटकन खालीच बसली. मी जवळ जाणार तोच बनाबाईनं अडवलं. "रडू द्या. लई दिसाचं हाय."
दुपारपर्यंत तिथेच होतो आम्ही.

११ सप्टेंबर
वाटलं होतं, सुटली. चार दिवस बोलली, कुसुमच्या खोड्या सांगून हसलीसुद्धा. आज पुन्हा भिंत. मलाही सकाळी उठवेना. तरी साखळी घेऊन गेलो. चुकलो नाही.

२० सप्टेंबर
अंड्याची जागा रिकामी. थोडी टरफलं. पिल्लू निघालं की कोल्ह्यानं नेलं? बनाबाई म्हणते, "पिल्लू निगालं तर आई त्येला घिऊन लांब जाती. न्हायतर मग... काय सांगावं." यमूनं टरफल उचललं नाही. पदर डोक्यावर घेऊन गवताकडे बघत उभी राहिली.

६ नोव्हेंबर
मोजणी संपली, उद्या सोलापूर. यमू स्वतःहून म्हणाली, माळावर जाऊन येऊ. गवत पिवळं पडलंय, वारा गार. चालता चालता तिनं माझा हात धरला, इथे, उघड्यावर. दूर गवतातून एक मान वर आली.
"दोन आहेत," यमू म्हणाली. "एक लहान."
मला एकच दिसली. डोळ्यांवर हात धरून पाहिलं, तरी एकच.
"अहो, नीट बघा ना."
बघत राहिलो.