शाळेच्या छज्ज्यातल्या दहाच्या सळया

मी, ल्युबिसाव मिलुतिन पायकिच, वय बहात्तर, जन्मगाव दोन्या क्रुश्का, पोझारेवाट्स शहराच्या पलीकडे. गेली बावन्न वर्षे मुक्काम व्हिएन्ना, घर क्रमांक व पत्ता पाकिटावर. धंदा बांधकामावर सळया बांधण्याचा, आता पेन्शनर. हे मृत्युपत्र माझ्या हाताने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवीत आहे. माझी फुप्फुसे सिमेंटने खाल्ली, डोके शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा धाकटा भाऊ रादोये वर्ष होत आले गावभर सांगतो आहे की व्हिएन्नातल्या पोरांनी म्हाताऱ्याला खुळा करून सोडला.

एक. मला गावी, माझी पत्नी देसांका हिच्या शेजारी पुरावे. ती चार वर्षे तिथे एकटी आहे. रादोये सत्ताधारी पक्षाचा गावातला कारभारी आहे, त्यामुळे पक्षाकडून फुलांचे चक्र येईल. ते ज्या गाडीने आले त्याच गाडीने परत पाठवावे. रादोये स्वतः आला तर त्याला अडवू नये, बसायला खुर्ची द्यावी. त्याची कंबर दुखते.

दोन. इथला फ्लॅट भाड्याचा आहे. आतले सामान माझी मुलगी नेवेन्का हिचे. पितळी कॉफीची चक्की तिने टाकून देऊ नये, एवढीच विनंती. बाकी काय टाकायचे ते तिला माझ्याआधीच ठाऊक आहे.

तीन. माझी तार पिळायची पक्कड नात तियाना हिला. ती कायदा शिकते, सळई कधी बांधणार नाही. पण तिने मागितली आहे.

त्या पोरीनेच मला चौकात नेले. आमच्या देशात नोव्ही सादच्या रेल्वे स्टेशनाचे छत कोसळून पंधरा माणसे गेली (सोळावा पुढे दवाखान्यात गेला), तेव्हा इकडची आमची माणसेही जमू लागली. एका रविवारी ती दारात येऊन उभी राहिली.

"आजोबा, चला. बोलायचं काही नाही. माणसामागे एक, अशी पंधरा मिनिटं नुसतं उभं राहायचं."

"नुसतं उभं राहायला माझे गुडघे काय सरकारी आहेत?"

"मग माझ्या खांद्यावर हात ठेवा."

गेलो. बावन्न वर्षांत आम्ही लोक इथे एकत्र आलो ते लग्नाला, मयताला आणि गावाकडच्या बसच्या रांगेत. त्या दिवशी दवाखान्यातल्या नर्सा होत्या, टॅक्सीवाले होते, जिने पुसणाऱ्या बायका होत्या. सगळे गप्प. कोणीतरी माझ्या हातात लाल पंज्याची पाटी दिली, सरकारचे हात रक्ताने माखलेत म्हणणारी. सातव्या-आठव्या मिनिटाला मी थरथरू लागलो. तियानाला वाटले थंडीने. तिने स्वतःचा मफलर माझ्या गळ्यात घातला. थंडी नव्हती. छत कशाने धरून राहते हे त्या गर्दीत माझ्याइतके कोणाला कळत नसावे, आणि मला एक दुसरेच छत दिसत होते.

तिसऱ्या दिवशी रादोयेचा फोन आला.

"ल्युबा, तुझा फोटो इथं सगळ्यांच्या फोनवर फिरतोय. पाटी धरून उभा आहेस!"

"मीच तो. टोपी ओळखली असशील."

"मला बोलावून घेतलं वरच्यांनी. हा तुझाच भाऊ ना, म्हणाले. काय सांगू मी?"

"हो म्हणून सांग."

"पेन्शन तिथली खायची आणि थुंकायचं इथल्या सरकारवर?"

"थुंकलो नाही रे. मी एक शब्दही बोललो नाही."

"तेच म्हणतो. पुढंही बोलू नकोस." मग म्हणाला, "आणि यंदा स्लावाला येऊ नकोस."

स्लावा म्हणजे आमच्या कुळसंताचा सण; त्या दिवशी भावाने भावाला दार बंद करावे, असे आमच्या घरात लढायांतसुद्धा झाले नव्हते. पण मला जास्त लागले ते आधीचे वाक्य, पुढेही न बोलण्याचे. ते कशाबद्दल होते, हे आम्हा दोघांनाच ठाऊक होते.

चार. संत निकोलाची तसबीर, आईच्या मागे जी माझ्याकडे आली, ती रादोयेला द्यावी. स्लावा त्याच्या घरी चालू राहावी. माझे भांडण त्याच्याशी आहे, संताशी नाही.

पाच. गावचे घर. दोन मजले, दगडी कठडा, फाटकावर दोन सिंह. बावीस उन्हाळे मी ते बांधले आणि वर्षाला तीन आठवडे त्यात झोपलो. नेवेन्काने आपला हिस्सा लेखी सोडला आहे. सही करताना म्हणाली, "बाबा, माझ्या सगळ्या सुट्ट्या त्या घरानं गिळल्या. मला नकोच ते." बरोबर बोलली.

आता जे लिहितो ते देसांकालाही सांगितले नव्हते.

१९९८च्या ऑगस्टमध्ये गावच्या शाळेच्या दारावरचा छज्जा बांधायचे काम रादोयेला मिळाले. मी रजेवर होतो, हाताखाली लागलो. नकाशात चौदाच्या, म्हणजे चौदा मिलिमीटर जाडीच्या सळया होत्या, वीतभरसुद्धा अंतर नाही. रादोयेने दहाच्या आणल्या, त्याही विरळ. मी म्हणालो, "हे चालणार नाही. खाली खांब नाहीत. सगळा भार वरच्या सळयांवर आहे." तो म्हणाला, "तू व्हिएन्नातला. इथं आहे त्यात भागवतात." आई बाकावर बसली होती. ती म्हणाली, "लोकांसमोर भावाला खाली पाहायला लावू नकोस." मी पक्कड उचलली आणि बांधल्या. माझ्या हाताने, एकूण एक गाठ.

आठवड्याने माझ्या अंगणात चौदाच्या सळया येऊन पडल्या. "तुझ्या गॅलरीला," रादोये म्हणाला, "भावाकडून भेट." कुठून आल्या हे मी विचारले नाही, कारण मला कळले होते. माझी गॅलरी जिल्ह्यात सर्वांत मजबूत आहे, आणि तिच्यावर कोणी उभे राहत नाही.

हे घर येईल त्या किमतीला विकावे. त्यातून आधी तो छज्जा पाडून नवा बांधावा. नकाशा आणि देखरेख परजिल्ह्यातल्या इंजिनिअरची असावी. रादोयेच्या ओळखीचा एकही माणूस नको. उरेल ते सहाव्या कलमाप्रमाणे.

सहा. उरलेली रक्कम व माझी बँकेतली शिल्लक स्मिल्या हिला. ती रादोयेची मुलगी, आणि त्याच शाळेत मास्तरीण होती.

मी शाळेला दोन पत्रे लिहिली, उत्तर आले नाही. ईस्टरनंतर शाळा सुरू झाल्यावर स्वतः गेलो; गाडीत सहा लोखंडी टेकू घेऊन. छज्ज्याखाली लावले. दुसऱ्या सकाळी पाहतो तर ते कुंपणाबाहेर फेकलेले. शिपाई म्हणाला, शोभा जाते म्हणे. मग मी फाटकासमोर उभा राहिलो, चौकात उभा राहिलो होतो तसाच, गप्प. रादोये आला.

"घरी चल, ल्युबा. लोक हसतायत."

"हसू देत."

"सव्वीस वर्षं काही झालं नाही ना?"

"स्टेशनावरच्या छतालाही पडायच्या आदल्या दिवसापर्यंत काही झालं नव्हतं."

तेवढ्यात स्मिल्या बाहेर आली. बापाकडे न पाहता माझ्याजवळ येऊन म्हणाली, "काका, खरं सांगा. माझ्या वर्गाची पोरं याच्याखालून जातात."

मी तिला सांगितले. आयुष्यात पहिल्यांदा, बापाच्या देखत. रादोयेने नजर खाली घातली, पण खोटे आहे असे म्हणाला नाही. स्मिल्या आत गेली आणि त्या दुपारी तिने आपला वर्ग मागच्या, स्वयंपाकघराच्या दाराने सोडला. रोज तसाच सोडत राहिली. जूनमध्ये तिचा करार पुढे वाढवला नाही. कारण लिहिले: शाळेच्या शिस्तीत अडथळा. आता तिचा वर्गही पुढच्या दाराने जातो.

मी इथे शंभर माणसांत गप्प उभा राहिलो तर नाव झाले. ती तिथे एकटी होती. म्हणून शिल्लक तिला. कोणतीही अट नाही.

सात. मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात. हे कलम माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. मी शपथेवर लिहून देतो की सदर छज्ज्यात चौदाच्या जागी दहाच्या सळया आहेत, त्या मी जाणूनबुजून बांधल्या, आणि तो कधी पडेल हे मला सांगता येत नाही. पाचव्या व सातव्या कलमाच्या बेचाळीस प्रती तियानाने काढल्या आहेत, शाळेत जितकी मुले तितक्या. त्या आज टपालाने पालकांच्या नावे जात आहेत. एक रादोयेलाही, त्याचा नातू पहिलीत आहे.

ज्यांना मला जाब विचारायचा असेल, खटला भरायचा असेल, त्यांनी मी जिवंत आहे तोवर यावे. दाराशी यायला मला वेळ लागतो. बेल वाजवून थांबावे.

सही: ल्युबिसाव मिलुतिन पायकिच

(स्वहस्ते लिहिलेल्याला इथे साक्षीदार लागत नाहीत. पण आमच्या गावात दोन सह्यांशिवाय कोणी विश्वास ठेवीत नाही.)

साक्षीदार: झिवोराद मित्रिच, फरशी बसवणारा, निवृत्त. मी पूर्ण वाचले व सही केली.

साक्षीदार: हाइडेमारी कोफ्लर, खालच्या मजल्यावरची शेजारीण. मला ही भाषा येत नाही. हे लिहिताना ते रडत होते, पण हात स्थिर होता, एवढे मी पाहिले.

व्हिएन्ना, ९ ऑक्टोबर २०२५