तीसच्या रेषेवरचा पंट

शनिवार, ९ नोव्हेंबर

हरलो. १४–१६.

क्रमाने लिहिते, म्हणजे डोकं जाग्यावर येईल. चौथ्या सत्राची तीन मिनिटं चार सेकंद उरली होती. आमच्या शाळेचा संघ दोन गुणांनी मागे. चेंडू समोरच्या ॲश्टन संघाच्या तीस यार्डांच्या रेषेवर. चौथा प्रयत्न, म्हणजे शेवटचा, आणि अजून चौदा यार्ड हवे होते. अमेरिकन फुटबॉलमध्ये अशा वेळी कोणीही किक मारतं. दोन खांबांमधून गेली की तीन गुण, आणि सामना आपला.

बाबांनी, म्हणजे आमच्या कोचनी, कोटाच्या खिशातून कार्ड काढलं. पाहिलं. परत ठेवलं. आणि पंटची खूण केली. म्हणजे चेंडू आपणच लांब लाथाडून ॲश्टनच्या ताब्यात द्यायचा, त्यांच्या कोपऱ्यात खोल, आणि तिथे त्यांना कोंडून तो परत मिळवायचा.

पंट उत्तम पडला. चार यार्डांच्या रेषेवर. ॲश्टनवाले तिथून तीन-तीन, चार-चार यार्ड रेटत निघाले आणि घड्याळ संपवलं. चेंडू परत मिळालाच नाही.

मी स्टँडच्या माथ्यावरच्या केबिनमध्ये होते, दुर्बीण घेऊन. खालच्या बाकांवरून लोक उठायला लागले. मग एक आवाज — "म्हातारा झोपला की काय?"

कार्ड माझं आहे. तीन वर्षं प्रत्येक सामन्याआधी मीच ते तयार करते. पोस्टकार्डाएवढं, प्लास्टिक चढवलेलं. चेंडू कुठल्या रेषेच्या आत असेल तर किक मारायची, हे त्यावर असतं. कालचा आकडा १५. वेस लिंडाल हा आमचा किक मारणारा मुलगा. त्याची मांडी आखडली होती, आठवडाभर सरावाला नव्हता. म्हणून एवढा कमी. तीस हे पंधराच्या बरंच बाहेर. बाबांनी कार्डाप्रमाणे केलं.

निर्णय बरोबर होता. निकाल वाईट लागला. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे वाक्य आज चार वेळा लिहून खोडलं.

रविवार, १० नोव्हेंबर

चर्चनंतर वर्नाच्या कॅफेत. जायला नको होतं.

धान्याच्या कोठारावरचा डुएन सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होता. "तीस यार्डांवरून पंट! तिथून माझी सासू व्हीलचेअरमध्ये बसून किक मारेल."

वर्ना कॉफी ओतता ओतता म्हणाली, "मारेलच. तिचा नेम चांगला आहे. तिने फेकलेली ती बशी कुठे लागली होती रे तुला?"

हसले सगळे. मग पोस्टातून निवृत्त झालेले लायल आमच्या बाजूने बोलले. "तीसच्या रेषेवरून खांबांपर्यंत सत्तेचाळीस यार्ड होतात. आखडलेल्या मांडीने एवढी किक? हुकली असती तर तूच म्हणाला असतास, पंट का नाही केला."

"हुकली असती तर प्रयत्न करून हरलो असतो, लायल. हे म्हणजे चोराच्या हातात किल्ली द्यायची आणि आपण पलंगाखाली लपायचं."

"तीन मिनिटं होती. बचाव चांगला खेळत होता."

"चांगला खेळत होता, बरं. मग थांबवलं का त्यांना?"

मी म्हटलं, वेसची मर्यादा पंधराची होती. मोजलेली. तीसवरून किक हा पर्यायच नव्हता.

डुएन माझ्याकडे वळला. रागाने नाही; ते जास्त वाईट. "तुझं कार्ड ना ते? कोच तेवीस वर्षं मनाचं ऐकायचा गं. आता पोरीचं ऐकतो."

हे गावात सगळ्यांना माहीत आहे. बाबा कोणाचंच ऐकत नाहीत — डॉक्टरांचं नाही, आई त्यांना सोडून लिंकन शहरात निघून गेली, तोवर तिचंही कधी नाही. कार्डाचं ऐकतात. तीन वर्षांपूर्वी पहिलं कार्ड हातात दिलं तेव्हा एक शब्द न बोलता खिशात ठेवलं. आमच्यात बोलणं कमीच. कार्ड आहे.

केकचा अर्धा तुकडा तसाच ठेवून उठले.

सोमवार, ११ नोव्हेंबर

शाळेच्या मंडळाचं पत्र आलं. गुरुवारी सात वाजता, शाळेच्या लायब्ररीत. विषय एकच: कोच डेल्मार क्रॉइट्झर यांना पुढे ठेवायचं की नाही. गेल्या हिवाळ्यातच त्यांना बजावलं होतं — अजून एक असा हंगाम, आणि नवा माणूस बघू. बाबा एकसष्ट वर्षांचे आहेत. इतिहास शिकवणं राहील. पण इतिहास ते फक्त फुटबॉलपर्यंतचा वेळ काढायला शिकवतात. कोचपद काढलं तर काय उरेल, याचा हिशेब माझ्याच्याने होत नाही.

जमीनमोजणीच्या कामावर लक्ष नव्हतं. श्मिटच्या मक्याच्या रानातली हद्द तीनदा मोजली. तिन्ही वेळा तीच आली. बरं वाटलं — अर्धा तास.

पेट्रोल पंपावर वेस भेटला. लंगडत नव्हता.

"मला विचारलंच नाही हो कोचनी. मी टाकली असती."

मी म्हटलं, सगळ्यांनाच तसं वाटतं.

"तसं नाही. मला खरंच वाटत होतं," म्हणाला, आणि नळी गाडीत अडकवून उभा राहिला.

मंडळासाठी एक पान तयार केलंय. वेसच्या या हंगामातल्या सगळ्या किका, अंतरं, शुक्रवारची मर्यादा, आणि खाली निष्कर्ष. संध्याकाळी राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचे रोल केले आणि पान बाबांच्या ताटाशेजारी ठेवलं. त्यांनी ते पालथं घातलं.

"हे देऊ नकोस, थिया."

"का?"

"निर्णय माझा होता."

"निर्णय कार्डाचा होता. तेच तर सिद्ध होतंय यात."

"देऊ नकोस म्हटलं ना." आणि चिलीकडे बघत राहिले. खाल्ली नाही.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

गॅरेजच्या दारावर कोणीतरी पांढऱ्या रंगात ३० लिहून गेलंय. टर्पेंटाइनने घासलं. शून्य निघालं. तीन निघत नाही.

बुधवार, १३ नोव्हेंबर

आज लिहावंसं वाटत नाही. तरी क्रमाने लिहिते.

पानाला मूळ नोंद जोडावी म्हणून दुपारी ऑर्विल बेट्झकडे गेले. ऑर्विल एकाहत्तर वर्षांचे, बाबांचे मदतनीस. सामन्याआधी वेसकडून किका मारून घेऊन मर्यादेचा आकडा चिठ्ठीवर लिहायचा आणि वर केबिनमध्ये माझ्याकडे पाठवायचा, हे काम एरवी तरुण ट्रेनर करतो. शुक्रवारी तो तापाने घरी होता, म्हणून ऑर्विलनी केलं. चिठ्ठीवर एकच आकडा होता. ३२.

ट्रेनर किकची पूर्ण लांबी लिहितो. त्यातून सतरा वजा करायचे, म्हणजे चेंडू मैदानात कुठल्या रेषेवर हवा ते मिळतं — किक मारायला चेंडू सात यार्ड मागे देतात, आणि खांब मैदानाच्या टोकापलीकडे दहा यार्डांवर असतात. सात आणि दहा, सतरा. बत्तीस वजा सतरा, पंधरा. तेच मी लिहिलं.

ऑर्विल कोंबड्यांना दाणे टाकत होते. म्हणाले, "पोरगं बत्तीसवरून मजेत टाकत होतं. वर वाराही होता पाठीला."

"बत्तीस यार्डांची किक," मी म्हटलं.

"किक कसली? बत्तीसची रेषा. मी रेषाच लिहितो. चौऱ्याहत्तर सालापासून रेषाच लिहितो. सतरा वजा करूनच देतो, तुम्हाला वर त्रास नको म्हणून." मग माझं तोंड बघून, "काय गं? बस जरा. ती बादली उलटी कर आणि बस."

बसले. बादलीवर.

सतरा दोनदा वजा झाले. एकदा त्यांनी, एकदा मी. वेसची खरी मर्यादा बत्तीसची रेषा होती, म्हणजे एकोणपन्नास यार्डांची किक. चेंडू तीसवर होता. आत होता. कार्डावर ३२ असायला हवं होतं.

नव्याने कामाला लागलेल्यांना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगते: आकडा हातात आला की आधी विचारा, तो कुठून मोजलाय. मी विचारलं नाही. फोन समोर होता. नाही विचारलं.

आणि बाबांना हे माहीत आहे. नक्कीच. ऑर्विलशी रोज बोलतात. म्हणून तर — पान देऊ नकोस. निर्णय माझा होता. मला झाकतायत. कोचपदाची सव्वीस वर्षं घालवायला तयार आहेत, पण माझं नाव पुढे येऊ देणार नाहीत.

घरी आले तर बाबा दारातल्या त्या तीनवर तपकिरी रंग मारत होते. ऑर्विलकडे गेले होते हे मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मला उद्या बैठकीला येऊच दिलं नसतं.

जेवण तसंच झाकून ठेवलं.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

झालं. बैठकीवरून आल्या आल्या लिहिते आहे.

लायब्ररीत खुर्च्या पुरल्या नाहीत. बाबांनी सुरुवातीला एकच वाक्य वाचलं — पंट माझा होता, त्याबद्दल मला आणखी काही म्हणायचं नाही. डुएन बोलला, लायल बोलले. मग लोकांच्या यादीत माझं नाव आलं. प्रत्येकी तीन मिनिटं. मला दोन लागली.

चिठ्ठी, ३२, सतरा, पुन्हा सतरा, १५. सगळं सांगितलं. कोचनी कार्ड पाहिलं आणि त्याप्रमाणे वागले. चूक कार्डात होती. कार्ड माझं.

बाबा उठले. "थिया, खाली बस."

नाही बसले.

मंडळाचे अध्यक्ष रॉड हेनिंग आमचे दातांचे डॉक्टर आहेत. दात तपासतानाच्याच आवाजात त्यांनी विचारलं. "म्हणजे मिळालेल्या माहितीवर कोचनी योग्य तेच केलं?"

"हो. त्यांच्या जागी कोणीही तेच केलं असतं."

"रॉड, ऐक, मला एक—" बाबा म्हणाले.

"कोच, तुमची वेळ संपली. मत घेऊ या."

चार विरुद्ध तीन. राहिले!

बाहेर गाड्यांपाशी डुएन आला. "सतरा दोनदा? आणि माझ्या शेताची हद्द तूच मोजलीस ना गं?" मग माझ्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाला, "मला नसतं जमलं, एवढ्या लोकांत." वेस लांब उभा होता. त्याने टोपी वर केली, मला की बाबांना, कळलं नाही.

उद्यापासून गाव मला हसेल. हसू दे. माझी प्रत्येक मोजणी पुन्हा तपासतील. तपासू दे, बरोबर आहेत.

घराशी आल्यावर बाबा इंजिन बंद करून स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. त्यांनी झाकलेलं मी उघडं केलं म्हणून रागावले असतील. चालेल. पद राहिलं.

सहा दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

बाबा सकाळी सातला शाळेत गेले आणि कोचपद सोडून आले.

मंडळाला चुकीच्या कारणावर मत द्यायला लावलं, म्हणाले. मी म्हटलं, माझा एकही आकडा खोटा नव्हता.

"आकडे नाहीत गं. मी कार्ड वाचलंच नव्हतं. चष्म्याशिवाय मला ते अक्षर दिसत नाही, आणि मैदानावर मी चष्मा नेत नाही. कधीच नाही नेला. त्या पोराची किक हुकली तर गाव त्याला जन्मभर सोडणार नाही, असं मनात आलं आणि घाबरलो. एवढंच झालं."

तीन वर्षं. एकतीस सामने. मी विचारलं, मग दर वेळी खिशातून काढून काय बघत होतात?

"तू वरून दुर्बिणीतून बघत असायचीस ना," बाबा म्हणाले.