कैवारी कोण?

१८ मे, सोमवार

फसले! रविवारी पेंटेकॉस्ट, पवित्र आत्मा उतरला तो सण, आणि महाळुंग्याच्या आमच्या चर्चच्या महिला मंडळात मला ‘कैवारी’ या शब्दावर बोलायचंय. पवित्र आत्म्याला बायबलात कैवारी म्हटलंय — लहानपणापासून पाठ. अर्थ? कधी विचारलाच नाही! पाळकसाहेब म्हणाले, “मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बघा. हाकेसरशी शेजारी येऊन उभा राहणारा.” लिहून घेतलं. मी नर्स, बाळांना सुई टोचणं सोपं, हे अवघड.

२० मे, बुधवार

वाईट दिवस. वाडीवर लसीकरण होतं. लसीच्या डब्याचं झाकण उघडं राहिलं, बर्फ वितळला, पोलिओच्या कुप्या बाद. आया लेकरं घेऊन उन्हातून परत गेल्या. डबा वाहते आमची मदतनीस चंद्राबाई, म्हणून सगळे तिच्यावरच! आमच्या आरोग्य केंद्राचे डॉक्टर म्हणाले, “शुक्रवारी बोलवा तिला. काढूनच टाकतो.” मी गप्प.

२२ मे, शुक्रवार

काय बाई आहे ही राजाबाई!

चंद्राबाईची जाऊ. चरायला नेलेली शेरडं कुणाच्या तरी हवाली करून आली आणि डॉक्टरांसमोर जावेला खेटून उभी राहिली. बोलावलं कुणीच नव्हतं.

“तुम्ही कोण?”

“जाऊ हाय.”

“झाकणाचं काय माहीत आहे तुम्हाला?”

“मला काय बी ठावं न्हाई. पर ती एकटी न्हाई उभी ऱ्हायची.”

तासभर हलली नाही. चंद्राबाईने खाली घातलेली मान हळूहळू वर केली — मी पाहिलं. डॉक्टर शेवटी वैतागून म्हणाले, “सोमवारी बघू.”

बाहेर आल्यावर म्हटलं, “जावेवर फार जीव आहे हो तुमचा.” तर फणकारली, “कशाचा जीव, शिष्टर! बांधावरनं भांडान हाय. दोन वर्सं बोलत न्हाई आमी.”

दोन वर्षं! आणि तरी आली. इतकी वर्षं उपासनेला जाते, पण ‘कैवारी’ हा शब्द आज पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला.

२३ मे, शनिवार

भाषण लिहून झालं. राजाबाईवरच. छान झालंय. जेवण मात्र गेलं नाही.

२४ मे, रविवार

मंडळात उभी राहिले. राजाबाईपर्यंत आले आणि कागद मिटून टाकला. तिथूनच बाहेर येऊन डॉक्टरांना फोन लावला. डबा चंद्राबाईने नाही, मी उघडा टाकला होता — माझी पाण्याची बाटली गार करायला आत ठेवली, आणि झाकण लावायचं राहिलं. या वहीतही लिहायची हिंमत झाली नव्हती.