विंगेतला आवाज

माय,

गेल्या आठवड्यात भंडाऱ्याला त्या बाईंचा सत्कार झाला. आपल्या मंडईतल्या, दिवाळीनंतरच्या जत्रेतल्या, नाटकांच्या नायिका त्याच. शाल दिली, पितळेची समई दिली. निवेदक म्हणाला, अभिनय आणि गायन, दोन्हींत यांची बरोबरी नाही. त्या हसून मान डोलवत राहिल्या आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. आयुष्यात एक पद त्या गायल्या नाहीत. त्या ओठ हलवायच्या. गायचीस तू, विंगेत उभी राहून. त्या वळल्या की सूर लांबवायचीस, अडखळल्या की श्वास धरून थांबायचीस.

धानाचा रोवणा लागला की बांधीतल्या चिखलात उभ्या साऱ्या बाया गाणी म्हणत. तू मुकाट रोवायचीस, गळा मंडईसाठी राखायचा म्हणून. आंबट तर तू तोंडाला लावलंच नाहीस. चुलीपुढे बसून एकच ओळ घोळवत राहायचीस, भाजी करपायची, आणि बाबा तीच खायचे. एकदा शाळेत मी पोरींना सांगितलं, ती गाणी माझ्या मायची आहेत. तुझ्या कानावर गेलं. तू पीठ मळता मळता थांबलीस.

"पुन्हा बोलू नोको असं. लोकाइले समजलं, का नाटक मोडते."

तू होतीस तोवर मी पाळलं ते. पण आता नाटक कुठलं, माय? पडदा पडून किती वर्षं झाली! सत्कार संपल्यावर मी मंचावर चढले, तुझी मुलगी म्हणून ओळख दिली. त्यांनी माझा हात धरला. तुझ्यासारखा गळा पुन्हा ऐकला नाही म्हणाल्या, डोळेही भरून आले त्यांचे. मी म्हटलं, मग हेच माइकवर सांगा, लोक अजून बसले आहेत.

त्यांनी हात सोडला. "आता कायले वो? लोकाइले जे माहीत हाय, ते राहू दे."

मग मीच माइक घेतला आणि सांगितलं. पाच-सहा जण थांबले, बाकीचे जेवणाकडे निघाले होते. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, त्यांचा आणि समईचा.

तू असतीस तर माझ्यावरच रागावली असतीस, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. इतकं कसं पुरलं तुला, नुसतं गाणं?

हे कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून सांगते. तुझी ती पदं आजही मनात येतात, सुरांसकट. पण डोळे मिटले की समोर तू नसतेस, त्याच असतात.