देवधानाच्या ओळी

बाबा, दोन दिवस झाले, माही झोप गेली. उद्या सकाळी लिस्टवाल्या मॅडम आपला तलाव पाहाले येऊन राहिल्या, अन् तलावात म्या लावलेलं देवधान सरळ ओळीत उभं आहे. देवधानाले कोनी पेरत नाही, कोनी रोवत नाही, म्हनून तं त्याले देवधान म्हनते. ते ओळीत कसं उभं राहिल? तलावाच्या पारावरून, पाळीवरून नुसतं पाह्यलं तरी समजते का इथं कोन्या बाईचा हात लागला. तुमाले जाऊन पंधरा वर्सं झाली. तुमच्याशी बोलाची सवय मोडली. पन हे दुसऱ्या कोनाले सांगता येत नाही, अन् तुमचाबी यात हिस्सा आहे, म्हनून तुमालेच लिवून राहिली. आठवीपर्यंतचं लिवनं आहे, जसं येते तसं लिवतो.

तुमाले आठवते का, तलावाचं पानी सोडाचं काम तुमच्याकडं होतं तवा आश्विनात तुमी डोंगा घेऊन मधात जाऊन देवधान झोडून आनत होते. त्याचे लंबे लंबे कुसळं तुमच्या बाह्याइले चिकटून राहत. माय चुलीसमोर बसून ते उखळात सडते, लाल तांदूळ निघते, अन् मी तिच्या मांडीवर हात ठेवून पाहत राहतो का आता भात कवा होते. ऋषिपंचमीले गावातल्या बाया आपल्या दारात यायच्या. नांगर न लागलेलं धान पायजे त्याइले उपासाले, मांगच्या वर्सीचं ठेवलेलं. तुमी सुपात घालून द्यायचे. आपल्या घरचं पानी चालत नव्हतं त्या बायाइले, पन देवधान चालत होतं. माय म्हने, "धानाले कोनाचं घर नसते." मले तवाच राग येत होता. तुमाले नाही येत होता. तुमी हासून सूप झटकायचे.

पन माहा खरा राग त्या दिवसाचा आहे. मी चौथीत होती. गावात पहिल्यांदा लिस्टवाले आले होते. दोन पोट्टे, एक सर, अन् एक मोठं रजिस्टर. गावात कोनतं झाड आहे, तलावात कोनती वनस्पती आहे, कोनता पक्षी येते, सारं त्यात लिवाचं होतं. त्याच दिवशी सकाळी मोठ्या मालकानं तुमाले आंगनात बोलावलं. तलावाच्या खालच्या धानाच्या साऱ्या बांध्या त्याच्याच. मी तुमच्या मांगं उभी होती. तुमाले कान तुटलेल्या कपात चहा देल्ला, तो कप तुमच्यासाठीच ओट्याखाली ठेवला राहे.

"काय रे, लिस्टवाल्याइले तू तलाव दाखवून राहिला म्हने?"

"हो जी."

"मंग काय सांगशीन?"

"जे आहे ते सांगन जी. देवधान आहे, सारसाची जोडी येते."

"सांग ना. अन् मंग तारेच्या बाहेर बसून तलाव पाहत राय. लिस्टमधी नाव गेलं का जंगलखातं कुंपन घालते. ना मासोळी, ना पानी, ना ढोरं. नागझिऱ्याच्या जंगलाच्या काठच्या लोकाइले जाऊन इचार, सरपनाची काडी आनाले भेटते का."

तुमचा चहा तसाच राह्यला. सरपनाची गोष्ट खोटी नव्हती, मामाच्या गावाले आपून पाह्यलं होतं. दुपारी शाळेच्या वऱ्हांड्यात सर इचारते, "तलावात काही विशेष?" अन् तुमी म्हनता, "काही नाही जी. गाळ आहे नुसता." सारं गाव बसलं आहे, सारे खाली पाहून राहिले. मालक खुर्चीवर. म्या म्हनलं, "बाबा, देवधान आहे ना, सारस येते ना." अन् तुमी उठून माह्या थोबाडीत मारली. तुमी मले कधी मारलं नव्हतं. मंग रजिस्टरात "नाही" लिवलं अन् खाली तुमचा अंगठा घेतला. शाई पुसाले तुमी भिंतीले अंगठा घासला.

पुढं काय झालं ते तुमी पाह्यलंच. दोन वर्सांनी मालकानं गाळ काढाच्या नावानं मशीन लावली. देवधानाचा सारा पट्टा मुळासकट खरवडून त्याच्या बांध्याइत नेऊन टाकला. कोनाची हरकत नाही, रजिस्टरात तं काहीच नाही. सारसाची जोडी एक पावसाळा येऊन फिरून गेली, मंग आलीच नाही. पानी सोडाचं काम तुमच्याकडून काढून त्यानं आपल्या गड्याले देल्लं. त्याच वर्सी तुमाले तो ताप आला, डोक्यात गेला, अन् तुमी गेले. मालक मौतीले आला होता. पारापर्यंत आला, तिथूनच हात जोडले, तिथूनच गेला. मले वाटत होतं त्याले त्याच पान्यात उभं करावं अन् इचारावं, सांग, इथं काय होतं. म्या नाही इचारलं. बारा वर्साच्या पोट्टीले कोन इचारू देते.

आता मालकबी नाही. त्याचा पोरगा आहे. त्याले आपल्या पारावर रिसॉर्ट बांधाचं आहे, नागझिरा पाहाले येनाऱ्या लोकाइसाठी. अर्धा तलाव बुजवून गाड्या उभ्या कराची जागा. मी लग्न होऊन केशोरीकडं गेली होती, पन नवरा नागपूरले बिल्डिंगच्या कामावर राहते, म्हनून पोट्टीले घेऊन मी, माय गेल्यावर बंद पडलेल्या आपल्याच घरी राहाले आली. ग्रामपंचायतीत ह्या रिसॉर्टची गोष्ट निघाली तं म्या म्हनलं, तलाव बुजवाचा नाही, तिथं देवधान होतं. त्यानं खिशातून झेरॉक्स काढली. त्याच रजिस्टराची, बाबा. तुमच्या अंगठ्याची.

"हे पाय. तुह्याच बापाचा अंगठा. त्यानं काय सांगतलं? गाळ आहे नुसता. तुह्या बापाले जास्त समजत होतं का तुले?"

लोक हासले. तो आनखी म्हनते, "आठवी पास अन् चालली तलाव वाचवाले." मंगबी हासले. काकू तेवढी नाही हासली, आपल्या बाजूच्या घरची. मी उठून आली. रस्त्यानं मी त्याले नाही, तुमाले शिव्या देत आली. हे सांगून टाकतो.

मंग ह्या मॅडम आल्या. राज्यात जेवढ्या राखून ठेवाच्या जागा आहे, जंगल, तलाव, पानथळी, कुठं कोनतं कमी झालेलं झाड उरलं आहे, त्याची नवी लिस्ट होऊन राहिली. गावात वनस्पतीची वळख असलेली बाई पायजे होती, मी गेली. पंधरा दिवस मी त्याइच्यासंग फिरली. म्या नाव सांगावं, त्याइनं मोबाईलमधी फोटो घ्यावा. एक दिवस म्या धीर करून इचारलं, "मॅडम, लिस्टमधी तलाव गेला का तार लावते ना?" त्या म्हनल्या, "कोणी सांगितलं तुम्हाला? मासे तुम्हीच पकडायचे, पाणीही तुमचंच. फक्त बुजवता येत नाही, आणि पाळीवर बांधकाम करता येत नाही." मालकाले हे समजत होतं, बाबा. शिकला मानूस होता तो. त्यानं तुमाले जंगलाची भीती दाखवली अन् तुमच्याच तोंडानं तुमचा तलाव पुसून टाकला. त्या दिवशी तुमच्यावरचा राग माहा कमी झाला अन् त्याच्यावरचा इतका वाढला का पोट्टीले पाजता पाजता माहे दात वाजत होते.

मॅडम म्हनल्या, देवधान उभं दिसलं पाहिजे, आपोआप आलेलं, तर नोंद होईल. म्या म्हनलं, "आहे जी, पावसाळ्यात दिसते." तवा नव्हतं. एक काडी नव्हती.

मले काय पायजे ते सांगतो. मले त्या पारावर सरकारी बोर्ड पायजे. त्याच्या पोरानं एक वीट ठेवाले गोंदियाले हापिसात चकरा माराव्या अन् दर वेळा कोनी तरी त्याले म्हनावं, नाही होत. कारन रजिस्टरात "आहे" लिवलं आहे. त्या बोर्डाखाली मी गुरवारी, बाजाराच्या दिवशी वांगे इकाले बसन, अन् तो गाडी हळू करून जाईल तवा मी त्याच्या डोळ्यात पाहीन. लोक म्हनते तलाव वाचवून राहिली. वाचला तं वाचला. मले मालकाचा पोरगा झुकलेला पायजे.

म्हनून आषाढात मी केशोरीले सासरी गेली. तिकडच्या तलावात देवधान अजून आहे. सासूले म्हनलं पोट्टीचे कपडे न्याले आली. दोन पोत्यात मुळासकट ओले गुच्छे भरले अन् आपल्याकडच्या गोरेगावची बस धरली. बसमधी पानी सांडत होतं. कंडक्टर म्हनते, "ताई, बसमधी धानाचा रोवना करता का?" म्या म्हनलं, "जागा द्या, नाही तं तुमच्याच सीटवर करतो." सारी बस हासली, मीबी हासली. मंग तीन दिवस, गाव रोवन्याले गेलं का मी तलावात. पानी टोंगळ्याइतकं, गुडघाभरच होतं. दोन पोते लावून झाले तवा मी पारावर बसून इतकी खुश होती का पोट्टीले नाचवलं.

अन् चूक काय केली? हाताची चूक केली. दहा वर्सं झाली, गावात सारे मालक दोरी लावून रोवना मांगते. दोरी धरा, वीतभर सोडा, गुच्छा टेका, मांगं सरका. आता दोरी नसली तरी माहा हात तसाच चालते. डोकं मालकाच्या पोराले शिव्या देत होतं अन् हात वीतभर सोडून सोडून सरळ लावत होता. तवा चिखलात काही समजलं नाही. आता तलाव भरला, देवधान पान्यासंग वर आलं, हिरवंगार, अन् परवा पारावरून पाह्यलं तं धानाच्या बांधीसारखं दिसून राहिलं. ओळी मोजून घ्या.

मी पाहतच होती तं मालकाचा तोच गडी मांगं येऊन उभा राह्यला, जो तुमच्या जागी पानी सोडते. म्हने, "तलावात रोवना, बाप्पा! उमर गेली, पहिल्यांदा पाहून राहिलो. दोरी कोनी धरली होती वं?" तो जाता जाता म्हनते, "पोट्टीले सांभाळ. तलावाच्या काठचं घर आहे." काल मालकाच्या पोराची गाडी दोनदा दारासमोरून हळू हळू गेली. पोट्टी दीड वर्साची आहे, दार लोटून बाहेर पळते. दोन दिवस झाले, मी दाराले पाटा लावून ठेवतो.

उद्या तो मॅडमसमोर ओळी दाखवन. तलाव लिस्टमधून जाईल, तेवढंच नाही. तो म्हनन, बाप खोटा, पोरगी खोटी. अन् यावेळी तो खरं बोलत असल. हे मले सहन होत नाही. तुमी होतं त्याले नाही म्हनलं, म्या नव्हतं त्याले आहे म्हनलं, अन् दोनी वेळा फायदा त्याच घराचा.

दादाले फोन कराले हात जाते अन् फिरून येते. तो गोंदियाले राईस मिलमधी आहे. त्याले सांगतलं तं तो म्हनन, खरं सांगून टाक मॅडमले. तो तसाच आहे, मायसारखा. मले उद्यापर्यंत तरी खरं नाही पायजे.

आता दुपार आहे. सारे निंदनाले गेले, गडी जेवाले गेला. पोट्टी काकूजवळ झोपली आहे. काकूले म्हनलं, कपडे धुवून येतो. ट्रॅक्टरचा ट्यूब भरून आनला आहे अन् इळा घेतला आहे. मधले मधले गुच्छे पान्याखालून कापन, कुठं दोन, कुठं चार, म्हनजे ओळ मोडल. पानी आता माह्या गळ्याइतकं आहे, पलीकडं त्याच्याहून जास्त. अन् मले पोहता येत नाही, बाबा. तुमी दादाले पारावरून ढकलून ढकलून शिकवलं. म्या म्हनलं मलेबी, तं तुमी म्हनले पोरीच्या जातीले कायले. हे म्या कोनाले सांगतलं नाही, तलावाच्या काठची पोरगी म्हनून सारे धरूनच चालते का हिले येत असल. ट्यूब सुटला का काय होते ते मले समजते. मले लय भेव लागून राहिलं. तरी मी जातो.

हा कागद तुमाले भेटनार नाही. तांदळाच्या डब्यावर ठेवून राहिली. संध्याकाळी ढोरं घरी येतपर्यंत मी आली नाही, तं ज्याच्या हाताले हा कागद लागल त्यानं माह्या भावाले फोन करजा. मोबाईल चुलीच्या वरच्या फळीवर आहे, नंबर "दादा" नावानं आहे. त्याले म्हनजा पोट्टी काकूजवळ आहे, अन् तलावात उगवतीकडं अजून ओळी राहिल्या असल, तं पहिले त्या मोड, मंग मले शोध.